जकात, हुंडी आणि कंटेनर : खेळांतल्या व्यापाराबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममध्ये लढाई शतकागणिक बदलते, तलवारीची तोफ होते, तोफेचं विमान होतं. व्यापार मात्र शेवटपर्यंत तोच राहतो, फक्त आकडा फुगतो. त्यावर पत्रांचा ढीग आला. काहींनी दुजोरा दिला, काहींनी खडसावलं. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की माझी नोकरी न्हावा शेवा बंदराजवळच्या एका क्लिअरिंग एजंटच्या (आयात-निर्यातीचा माल कस्टममधून सोडवणाऱ्याच्या) ऑफिसात कागदपत्रं करण्यात गेली आणि खेळाचं वेड मुलाच्या कॉम्प्युटरवरून लागलं. मुलगा सुटला, मी अडकले. त्यामुळे उत्तरं कस्टमच्या खिडकीतून जसं जग दिसतं तशी येतील.

प्रश्न : काकू, आम्ही चार मित्र शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक गेम करतोय. सातवाहनांपासून आजपर्यंतचा पश्चिम किनारा. लढाई जमली आहे. व्यापारात मात्र ‘मार्ग उघडा, दर टर्नला (खेळीला) सोनं घ्या’ यापुढे गाडी जात नाही. युग बदललं की सोनं दुप्पट करतो. खेळून बघणारे म्हणतात, कंटाळा येतो. काय बदलू?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : खेळून बघणाऱ्यांचं बरोबर आहे. सोनं दुप्पट झालं की खेळाडूला पगारवाढ झाल्यासारखं वाटतं, धंदा बदलल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते युग बदलताना व्यापाऱ्याची काळजी बदलली पाहिजे. त्या काळातला व्यापारी रात्री कशामुळे जागा राहायचा ते शोध, आणि तेवढाच निर्णय खेळाडूच्या हातात दे. बाकीचं कॉम्प्युटरला करू दे.

सातवाहनांपासून सुरुवात करतोयस, म्हणजे तुला आयता मसाला मिळालाय. इसवीच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. पेरिप्लस म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्यात पैठण आहे, तेर आहे (तो तगर म्हणतो), कल्याण आहे, चौल आहे. पैठणचे अकीक आणि तेरचं साधं कापड नि मलमल गाड्यांत भरून भडोचला जायची. भडोचहून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर, आणि मधे धड रस्ता नाही.

आता नकाशा उघडून बघ. पैठणच्या मालाला जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण गाठणं किती सोयीचं! मग ही माणसं भडोचला कशाला मरायला जातात? उत्तर त्याच लिखाणात आहे. कल्याण आधी रीतसर बंदर होतं, पण नंतर दुसऱ्याचा अंमल बसल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली. एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर पहारा बसवून त्याला भडोचला नेत. बघ, कोणी जहाज बुडवलं नाही, माल लुटला नाही. फक्त वळवला. तुझ्या गेममध्ये शत्रूचा व्यापारमार्ग ‘लुटा’ असं एकच बटण असणार, मी पैजेवर सांगते. त्याच्या शेजारी ‘वळवा’ हे दुसरं बटण ठेव. लुटलं तर एकदाच पैसा मिळतो आणि पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही. वळवलं तर दरवर्षी जकात तुझी, आणि शत्रूचं बंदर युद्धाशिवाय ओस.

याचा पुढचा अंक तर त्याहून भारी. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने शकांच्या क्षत्रप नहपानाला हरवलं, तेव्हा त्याने नहपानाची चांदीची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपला छाप मारला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, त्यातली बहुतेक अशी दोन राजांची. प्रदेश जिंकल्यावर खजिना ‘लुटला’ असा एक आकडा दाखवण्यापेक्षा हे दाखव. बाजारात चलन तेच फिरतंय, व्यापारी तेच आहेत, चेहरा तेवढा बदललाय. खेळाडूला ठरवू दे, नवी नाणी पाडून डौल मिरवायचा की जुन्यावर छाप मारून उद्यापासून बाजार सुरू ठेवायचा.

दुसरी काळजी वाऱ्याची. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास सुटायची, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर इकडे यायची आणि हिवाळ्यात वारा फिरला की परत. म्हणजे व्यापाऱ्याला वर्षातून एकदाच डाव टाकता येतो. उशीर झाला की माल, माणसं, भांडवल सगळं एका मोसमासाठी परक्या बंदरात अडकलं. तुझे सगळे टर्न सारखे असतील तर ही धाकधूक येणार नाही. वर्षाचे चार टर्न कर आणि जहाज सोडण्याची परवानगी एकाच टर्नला दे. जाता जाता भडोचच्या खाडीतली एक गोष्ट: तिथे गाळ आणि भरतीचा लोंढा इतका की राजाच्या चाकरीतले कोळी आपल्या होड्या घेऊन बाहेर यायचे आणि जहाजं ओढून आत न्यायचे. ‘बंदर पातळी २’ म्हणून इमारत बांधण्याऐवजी खेळाडूला कोळी पोसायला लाव. युद्धात तेच कोळी आरमारात घेतले तर बंदर बंद. यातून कसे पेच पडतात ते बघशीलच.

आणि कृपा करून बँक पंधराव्या शतकापर्यंत अडवून ठेवू नकोस. सिव्हिलायझेशनसारख्या गेमच्या संशोधन-झाडावर (कुठला शोध कशानंतर लागतो त्या तक्त्यावर) बँकिंग मध्ययुग संपता संपता उगवतं, कारण ते झाड इटली डोळ्यांपुढे ठेवून लावलंय. नाशिकच्या पांडवलेण्यात दहा नंबरच्या लेण्यातला लेख वाच. नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. हिशोब कर: दोन हजारांवर वर्षाला बारा टक्के म्हणजे दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. पै न् पै जुळते. मला हा लेख पहिल्यांदा कळला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या फिक्स डिपॉझिटच्या पावत्या आठवल्या. मुद्दा असा की कापड विणणारी माणसंच तुझी बँक. ती कुठल्या युगात येते हे तुझ्या प्रदेशाला विचार, दुसऱ्याच्या झाडाला विचारू नकोस.

सोळाव्या शतकात आलास की काळजी पुन्हा बदलते. वारा सगळ्यांना पाठ झाला, आता प्रश्न असा की मधे उभं राहून पैसे कोण मागतंय. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. सगळा समुद्र ताब्यात ठेवण्याइतकी माणसं त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांनी नाके धरले आणि कार्ताझ म्हणजे परवाना काढला. जहाजावर परवाना हवा, ठरलेल्या बंदरात थांबून जकात भरायला हवी, नाहीतर जहाज जप्त. मोठमोठ्या राजांची जहाजंसुद्धा हा कागद बाळगून जात. त्यामुळे या युगात खेळाडूला नवा प्रश्न दे: परवाना घेऊन अपमान गिळायचा, की सोबत लढाऊ गलबतं पाठवून खर्च गिळायचा? आणि परवाना विकणाऱ्याच्या बाजूने खेळत असेल तर त्यालाही मर्यादा दाखव. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी ‘रहीमी’ नावाचं मोठं जहाज परवाना असूनही पकडलं. ते जहांगीरच्या आईचं होतं! बादशहाने सुरतेतला त्यांचा व्यापार थांबवला, दमणवर फौज पाठवली, आणि दारात उभ्या असलेल्या इंग्रजांचं फावलं. स्वतःच विकलेल्या परवान्याला विक्रेत्यानेच धाब्यावर बसवलं की काय होतं, हे यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?

आगगाडी आणि कापसाबद्दल खाली वेगळं पत्र आहे, ते वाच. मी शेवटच्या युगावर येते, कारण तिथे माझी भाकरी होती.

जवळपास सगळ्या गेममध्ये आधुनिक काळ आला की व्यापार म्हणजे मोठं जहाज, जास्त सोनं. खरं म्हणजे जहाजाच्या वेगाने फार काही केलं नाही. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या (म्हणजे कंटेनर) चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तेव्हा वाचला तो बंदरात जाणारा वेळ. हमालांनी पोतं पोतं उतरवण्यात दिवसच्या दिवस जायचे. आता क्रेन पेटी उचलते आणि ट्रेलरवर ठेवते. न्हावा शेवा १९८९ मध्ये सुरू झालं ते याच पेट्यांसाठी. मग व्यापाऱ्याची झोप कशाने उडते? कागदाने. लेटर ऑफ क्रेडिटवर (पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावर) घेणाऱ्याचं नाव एक, बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या मालपावतीवर) त्यात एक अक्षर कमी. माल रोटरडॅमला पोचलाय, द्राक्षं रीफर पेटीत थंडगार पडून आहेत, बँक म्हणते विसंगती आहे, पैसे सुटणार नाहीत. पेटी सोडवायला उशीर झाला की डेमरेज (उशिराचा आकार) चढतं, रिकामी पेटी वेळेत परत गेली नाही की डिटेन्शन चढतं. एकही तोफ न उडता नफा संपतो. नवा साहेब रुजू झाला की आम्ही म्हणायचो, समुद्राला भिऊ नका, स्पेलिंगला भ्या.

तुझ्या शेवटच्या युगात हे आण. जहाजं आपोआप फिरू देत, खेळाडूने कागद, पत आणि वेळ सांभाळावी. आणि नकाशावरची एक अरुंद जागा बंद पडली तर काय होतं तेही दाखव. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये आडवं अडकलं ते सहा दिवस सगळ्यांना आठवत असतील.

एक शेवटचं. युग बदलताना काही शहरं मागे पडली पाहिजेत. तेरला आज गेलास तर शांत गाव दिसेल, आणि एक संग्रहालय. चौलला नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून बंदर शोधावं लागतं. तुझ्या गेममध्ये पहिल्या युगात वाढवलेलं शहर शेवटपर्यंत पहिल्या नंबरवर राहत असेल तर त्या किनाऱ्यावर काही घडलंच नाही असं होईल.

प्रश्न : मी युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये मराठ्यांकडून खेळतो. अख्खा भारत घेतला, तरी व्यापाराचा पैसा पश्चिमेकडे वाहतच राहतो. लंडन-व्हेनिसकडून आपल्याकडे खेचता येत नाही. हा अन्याय नाही का?
(आयटीतला नोकरदार, नागपूर)

उत्तर : अन्याय आहे, पण तुम्ही दाखवताय तिथे नाही. या गेममध्ये जगाच्या व्यापाराची केंद्रं बाणांनी जोडलेली आहेत, बाणांची दिशा कायमची ठरलेली आहे आणि ते इंग्लिश चॅनेल, जिनोआ आणि व्हेनिस या तीन टोकांना जाऊन थांबतात. बाण गोल फिरायला लागले तर पैसा त्याच वर्तुळात घिरट्या घालत राहील आणि हिशोब कधी संपणारच नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी दिशा पक्की केली. २०१३ च्या गेमला तेवढं माफ करायला हवं.

खरी चूक अशी की बाणावरून एकच गोष्ट वाहते. प्रत्यक्षात माल पश्चिमेला गेला हे खरं, पण त्याच्या बदल्यात चांदी पूर्वेला आली. युरोपातल्या लोकांना आपल्याकडे विकण्यासारखं फार थोडं होतं. मिरी, नीळ, कापड घ्यायचं तर रोकडा मोजावा लागे. दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणीतली चांदी अर्ध्या जगाला वळसा घालून यायची आणि सुरतेच्या टांकसाळीत रुपया होऊन बाहेर पडायची. भारतात चांदीच्या खाणी नाहीत म्हणावं इतक्या कमी, तरी इथला शेतसारा चांदीच्या रुपयात भरला जात होता. म्हणजे तुमच्या मराठ्यांना तक्रार करण्यासारखं फारसं नव्हतं. गेमने प्रत्येक बाणाला उलटी सावली द्यायला हवी होती: माल तिकडे, रोकड इकडे. मग समुद्रावर चांदीचा पुरवठा आटला की इथे महसूल कसा अडकतो तेही दिसलं असतं.

याच मालिकेचा पाचवा भाग नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, त्यात ठरलेले बाण काढून बाजारपेठा ठेवल्यात. माझं मशीन अजून तेवढं झेपवत नाही, तेव्हा त्यावर आत्ताच काही बोलत नाही. तुमच्याकडे चालत असेल तर मला कळवा.

प्रश्न : काफिले एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवण्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. मी तो भाग आपोआप चालू ठेवतो. मी वाईट खेळाडू आहे का?
(वाचक, इचलकरंजी)

उत्तर : मुळीच नाही. १९९१ च्या पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये काफिला हाताने चालवत दूरच्या शहरात न्यावा लागे आणि पोचला की घसघशीत रक्कम मिळे. तेव्हा त्यात गंमत होती कारण वाटेत रानटी टोळ्या असत आणि प्रत्येक पाऊल धोक्याचं होतं. दहा शहरं झाल्यावर तेच काम हमाली होतं. सहाव्या भागात त्यांनी एक छान गोष्ट केली: व्यापारी जिथून जातो तिथे रस्ता पडत जातो. इतिहासात रस्ते बरेचसे तसेच पडले, आधी पाऊलवाट मग राजाचा हुकूम. हाताने चालवायचं नसेल तर निदान त्याला कुठे पाठवायचं ते सैन्याच्या सोयीने ठरवा.

प्रश्न : ताई, मी शाळेत इतिहास शिकवते. शिवाजी महाराजांचं मिठाच्या जकातीचं पत्र मुलांना शिकवताना वाटलं की यावर एखादा खेळ होऊ शकेल. पण गेममध्ये कर म्हणजे नुसती टक्केवारी सरकवायची पट्टी असते. त्यातून मुलांना काय कळणार?
(शिक्षिका, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : बाई, तुम्ही माझ्या आवडीच्या पत्राला हात घातलात. १६७१ चं हे पत्र कुडाळच्या सुभेदाराला गेलं. हकीकत अशी की पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडायचं, व्यापारी तिकडे वळले, आणि स्वराज्यातलं संगमेश्वराकडचं मीठ पडून राहायला लागलं. महाराजांनी हुकूम केला की बारदेशी मिठावर जकात एवढी बसवा की घाटावर जाईपर्यंत ते आपल्या मिठापेक्षा स्वस्त राहता कामा नये.

इतिहासाची पुस्तकं याला स्वदेशीचं धोरण म्हणतात. मी कस्टमवाली, मला त्यात दुसरंच दिसतं. हा हुकूम टक्क्यांत दिलेला नाही. तो मालाच्या शेवटच्या भावात दिलेला आहे. आम्ही त्याला लँडेड कॉस्ट म्हणतो: खरेदी, भाडं, विमा, जकात, हमाली सगळं धरून माल गोदामात पडेपर्यंत काय भाव बसला. जकातीचा आकडा आधी ठरवायचा नाही. बाजारातला भाव आधी ठरवायचा आणि मधली जागा जकातीने भरायची. एवढं ज्याला कळतं त्याने बैलाचं भाडं, घाटातली चढण आणि वाण्याचा नफा धरूनच हिशोब केलेला असणार.

वर्गात हे खेळायला कॉम्प्युटर लागणार नाही. मुलांचे तीन गट करा: बारदेशी मीठवाले, संगमेश्वरी मीठवाले आणि बैलांचे तांडे घेऊन घाटावर जाणारे व्यापारी. चौथा, सुभेदार, एकटाच. व्यापाऱ्यांना प्रत्येक फेरीत दोन्हीकडचे भाव सांगा, वाहतुकीचा खर्च मात्र अंतराप्रमाणे वेगळा ठेवा. सुभेदाराने फक्त जकातीचा आकडा कागदावर लिहायचा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बारदेशी गटातलं एखादं चलाख पोर म्हणेल, आम्ही चोरवाटेने जाऊ. जाऊ द्या. पकडलं जाण्याची शक्यता फाशाने ठरवा. जकात जितकी जास्त तितकी चोरवाट फायद्याची, हे त्यांना तुम्ही सांगायची वेळच येणार नाही. मग सुभेदाराला चौक्या वाढवायला पैसे लागतील, ते कुठून आणायचे यावर वर्गात भांडण होईल. तास पुरणार नाही, मधली सुट्टी धरून आखणी करा.

मोठ्या गेमपैकी व्हिक्टोरिया ३ यात थोडा जवळ येतो, कारण तिथे प्रत्येक मालाला खरेदी-विक्रीच्या मागणीप्रमाणे भाव असतो आणि जकात लावली की तो हलतो. पण ते नववी-दहावीच्या मुलांना जड जाईल.

प्रश्न : माझे पणजोबा वऱ्हाडात कापूस पिकवायचे. अमेरिकेतल्या युद्धामुळे मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि नंतर सगळं बुडालं, असं घरात ऐकत आलोय. गेममध्ये अशी तेजी-मंदी का नसते? सगळीकडे आलेख वरच जातो.
(शेतकरी, अकोला जिल्हा)

उत्तर : कारण खेळाडूला त्याचं काही चुकलेलं नसताना बुडवलं तर तो गेम बंद करतो, आणि पैसे परत मागतो.

तुमच्या घरी ऐकलेली गोष्ट खरी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथूनच जात होता. गिरण्यांचा डोळा आपल्याकडे वळला. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबईच्या कुलाब्याकडे धावला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे सुरू झालेली आगगाडी १८६३ मध्ये भोर घाट चढली, तीही नेमकी याच गर्दीत. मुंबईत पैसा इतका झाला की कापसात घालून उरलेला समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये गेला. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या नुसत्या शब्दावर भाव चढत होते. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली आणि कापसाचा भाव आपटला. वायद्याचे सौदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी द्यायला पैसे कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा पुढे गुंडाळावी लागली.

आता गेमवाल्यांना मला असं सांगायचंय की औद्योगिक युगाची काळजी हीच आहे: भाव. आपल्या गावापासून हजारो मैलांवर कोणी तोफ डागली आणि अकोल्याच्या बाजारात भाव तिप्पट झाला, हे आधीच्या कुठल्याच युगात इतक्या वेगाने शक्य नव्हतं. व्हिक्टोरिया ३ मध्ये भाव मूळ किमतीच्या वर-खाली पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच हलतो. खेळ तोल सांभाळून चालावा म्हणून ते ठीक, पण १८६४ च्या मुंबईला तेवढी मोकळीक पुरली नसती.

बुडवायचंच असेल तर खेळाडूला बुडण्याआधी मोह द्यावा लागेल. युद्ध चालू असताना त्याला दोन वाटा द्या: वाढीव पैशातून घाटातला लोहमार्ग बांधायचा, की तोच पैसा शेअर बाजारात लावून पुढच्या टर्नला दुप्पट करायचा. लोहमार्गाने आत्ता काहीच मिळत नाही. शांतता झाली की शेअर शून्य, लोहमार्ग मात्र जागेवर. तुमच्या पणजोबांच्या बाजूने खेळ केला तर अजून वेगळा डाव होईल: ज्वारीचं रान कापसाखाली आणायचं का? भाव पडला त्या वर्षी कापूस खाता येत नाही. हा डाव कोणी बनवला तर पहिली प्रत मी विकत घेईन, आणि सावकाराचं पात्र त्यात जरा सौम्य ठेवू नका एवढी विनंती करेन.

प्रश्न : आजी, माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे. व्यापार शिकायला कुठला गेम घेऊ? बाबा म्हणतात एकच घ्यायचा.
(इयत्ता आठवी, सातारा)

उत्तर : एज ऑफ एम्पायर्स २ घे. मूळचा १९९९ चा आहे, जुन्या मशीनवरही चालतो. त्यातल्या बाजाराच्या इमारतीत लाकूड, अन्न आणि दगड विकता येतात. तू लाकूड विकलंस की लाकडाचा भाव उतरतो, आणि तो तुझ्या एकट्यासाठी नाही तर खेळणाऱ्या सगळ्यांसाठी उतरतो. मित्राबरोबर खेळताना त्याला दगड लागणार हे आधी ओळख, आणि त्याच्याआधी दगड विकत घेऊन भाव चढवून ठेव. व्यापाराच्या गाड्या मित्राच्या बाजारात पाठवायच्या असतील तर स्वतःचा बाजार त्याच्यापासून होईल तितका लांबच्या कोपऱ्यात बांध. फेरी जितकी लांब तितकं सोनं जास्त. वाटेत दोन-चार भालेवाले उभे कर, नाहीतर सगळ्या गाड्या एका घोडेस्वाराच्या तोंडी जातील. आणि बाबांना सांग, परीक्षा झाल्यावर त्यांनीही एकदा समोर बसावं. दगडाचा भाव कोण चढवतंय हे कळायला त्यांना जरा वेळ लागेल.